तू अन् मी, ठोकळ्यावर

अगं, मागच्या दिवाळीत माझ्या दिरानं हसनाबादला व्हीआरचा चष्मा आणल्ता. गेम जुन्या पद्धतीचाच, ठोकळ्यावरून ठोकळ्यावर उड्या मारायचा, आपण लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तसला. पण चष्मा लावला की ठोकळ्यावर आपणच उभे आन् खाली ही खोल दरी.

आमचे हे मोठ्या ऐटीत उभे राह्यले. पह्यल्याच उडीला पडले. पुन्हा पडले. मंग हवेत हात फिरवत मला शोधायला लागले.

"कुठंय गं तू? जल्दी हात धर माझा!"

समोर सासू-सासरे बसलेले. त्यांच्यापुढं हे एरवी माझ्या शेजारी बसत बी न्हाईत. मी हळूच म्हणलं, "अहो, सगळे बघून राह्यले."

"इथं कोणी न्हाई! फक्त तू आन् मी!"

धरला बाई हात. मंग एकेक ठोकळा बराबर पार करत पार शेवटच्या दारापर्यंत गेले. चष्मा काढला, समोर आई-वडील दिसले, आन् चटका बसल्यासारखा हात सोडला. सासूबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या.

माझे सासरे तसे मोजकंच बोलणारे. पेपर बाजूला ठेवून उठले, चष्मा डोळ्यांवर चढवला आन् हात पुढं केला.

"सूनबाई, तुझ्या सासूला बोलव. मला बी भीती वाटून राह्यली."

गेम अजून चालू बी केला न्हवता.