मोटर आता मी चालू करणार

साखर वाढली म्हणून पोरानं मला पारोळ्याला दवाखान्यात नेलं, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, रोज चाला, नाहीतर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल."

सुईची मला धास्ती. मी म्हटलं, "चालेन की."

"असं मोघम नको. किती वाजता, कुठून कुठे, ते नक्की सांगा."

एवढी उलटतपासणी माझ्या सासऱ्यानंही केली नव्हती. मी सांगितलं, "सकाळी शेतातली लाईट आली, की घरापासून विहिरीपर्यंत. मोटर चालू करायला." बाईंनी तसंच कागदावर लिहिलं.

बाहेर येताच पोरगा हसला. "आबा, मोटर तं मी खाटवरथीन मोबाईलवर चालू करस. तुम्ही कसाले जाशात?"

खरं होतं. स्टार्टरमध्ये त्यानं सिम बसवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाईट आली. पोरगा खाटेवर बसून मोबाईलचं बटण दाबतोय, मोटर काही चालू होईना. तेवढ्यात त्याला कोनाड्यात ठेवलेलं सिम दिसलं.

"आबा, स्टार्टरमधलं सिम कोनी काढं?"

"मी काढं," म्हटलं आणि पायात चपला घातल्या.

"आन् एखाद दिन तुम्ही नही गयात तं?"

"मंग तू जाय. कागद लिखताना बाई तुनाच पोटकडे देखत व्हती."