शेवटचा तुकडा गिळायचा नाही

…टाळी वाजवा म्हणे! अहो, मी नेपल्सच्या बाजारात उभा जन्म मासळी विकली, आणि आता या वयात रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून शब्दाशब्दावर टाळ्या पिटतोय. का? तर नात एर्सिलिया पहिलीत आहे आणि बाईंनी सांगितलंय, शब्दाचे तुकडे पाडा, दर तुकड्याला एक टाळी. तुकडे पाडायचं मला शिकवता? पण नाही, त्यालाही कायदा. जोडाक्षर आलं की मधोमध चिरायचं, अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. म्हटलं, बांगडा चिरण्यासारखंच की. आमचं ते मोझ्झारेला चीज घ्या: मोझ्-झा-रेल्, तीन टाळ्या. शाळेत बाईंना करून दाखवलं तर म्हणतात, "आजोबा, शेवटचा 'ला' कुठे गेला?"

"बाई, तो आम्ही नेपल्सवाले गिळतो. पिढ्यान्‌पिढ्या गिळतोय, कुणाचं पोट दुखलं नाही."

"एर्सिलियाने मात्र गिळायचा नाही."

तिथे मी चौथी टाळी वाजवली. कारण तुम्हाला सांगतो, एर्सिलियाचं बोलणंच अडायचं हो. पहिलं अक्षर ओठावर यायचं आणि तिथंच रुतायचं… गाल लाल, डोळ्यांत पाणी, मग मान खाली आणि दिवसभर मौन. माझ्या हाकेनं अख्खं बंदर जागं व्हायचं, आणि माझी नात मुकी राहणार? म्हणून टाळी वाजवा तर टाळी वाजवा.

परवा रविवारी आमची तितीना, म्हणजे बायको, वांग्याचे थर लावत होती, मोझ्झारेला संपलेलं, माझा घसा बसलेला. ती म्हणाली, "एर्सिलिया, टोपली सोड आणि खाली दुकानात रुओप्पोलोला हाक मार." मी डोळे वटारले तर मलाच, "तुम्ही घसा शेका." पोरगी बाल्कनीत गेली, दोरीनं टोपली खाली सोडली, दुकानदार मान वर करून उभा, आणि हिचा तो 'मो'… अडकला. काय करणार, टाळी वाजवली. समोरच्या बाल्कनीतली जेल्सोमीना, जन्माची भोचक, कपडे वाळत घालता घालता तीही वाजवायला लागली. मग खालचा रुओप्पोलो, मग सगळी गल्ली. आणि त्या टाळ्यांवर एकेक पाय टाकत पोरगी बोलली हो… मोझ्! झा! रेल्! ला! मी रडलो. सरळ रडलो, तितीनाच्या ॲप्रनला नाक पुसलं.

आणि आता? आता थांबतेय कुठे? डोळा उघडल्यापासून सुरू. पत्ते खेळताना बोलते, मी झोपलो तर कानाशी येऊन बोलते. मी तोंड उघडलं की, "आजोबा, शेवटचा तुकडा गिळलात, टाळी वाजवा, पुन्हा म्हणा." तितीनाकडे गाऱ्हाणं नेलं तर म्हणते, "बरं झालं, घरात कुणीतरी नीट बोलतंय."

काल जेवताना मला मीठ हवं होतं. बोट वर करून बसलो… माझी पाळी आली तोवर बशा धुवून झाल्या होत्या.