अंगठा हो म्हणतो, मान नाही म्हणते

अरे, आमच्या बाबांना कानातल्या बिघाडामुळे चक्कर यायची ना, त्यावर परळच्या थेरपिस्टबाईंनी व्यायाम दिला होता. अंगठा डोळ्यांसमोर उभा धरायचा, नजर त्याच्यावरच ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. बाबा चाळीच्या गॅलरीत मनात आकडे मोजत तेच करत होते, तेवढ्यात शेजारच्या सावंतकाकू आल्या. त्यांनी ताईसाठी भाच्याचं स्थळ सुचवलं होतं.

"भाऊ, मग होकार समजू ना?"

बाबांचा अंगठा वर, मान मात्र नाही-नाही.

काकू पार गोंधळल्या. "म्हणजे मुलगा पसंत, पण पत्रिका जुळत नाही?"

अंगठा तसाच, मानही तशीच.

शेवटी ताई बाहेर आली. "काकू, त्यांचा व्यायाम चाललाय. मला विचारा."

"तुला? तुला काय विचारायचं?"

बाबांची मान थांबली. म्हणाले, "खरंच की गं. तुला विचारायचंच राहिलं."