सुरी न लागलेलं पोळं

—नाही साहेब, ती सुरी पिशवीतच राहू द्या. आधी पेटीला हात जोडा, मग झाकण उचला. तुमचं खातं गावोगाव मधपेट्या वाटतं हे मान्य, पण ही मथुरेची पेटी— माझं कुटुंब, गेल्या माघात वारली. फोंडाघाटच्या रानात किंजळाच्या झाडाच्या ढोलीतून हे सातेरी माश्यांचं मोहोळ तिनंच उतरवलं. अंडी-अळ्यांनी भरलेली पोळी चौकटींत उभी धरून केळीच्या सोपाच्या दोरीनं बांधली— ह्या गाठी तिच्याच— आणि मला दटावलं, 'तुमी वायच बाजूक व्हा, पिल्लांका वारो लागतलो!' आम्हांला मूल नाही, साहेब. तिला ही होती.

पोळी काळी पडलीत, दिसतं मला. जुन्या पोळ्यात घरं आखडतात, पिल्लं खुरटतात, मेणकिडा शिरतो. वेळेवर कापलं की माश्या पांढरंशुभ्र नवं बांधतात— हे मला सांगता? ती स्वतः कापायची. होय, दरवर्षी! मग मी का नाही कापलं?— बसा. दहाव्याला व्हाळाकाठी पिंड ठेवला. कावळे समोर माडावर, पण एक खाली उतरेना. तिच्या भावानं सांगितलं, तुझ्या पाटल्या भाचीला देऊ— नाही. माझी बहीण सावित्री रडत म्हणाली, 'वयनी, दादाक मी जेवूक घालीन गो'— तरी नाही. भटजी दर्भाचा कावळा वळायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं— मथुरे, तुझ्या पोळ्यांना मी सुरी लावणार नाही, कोणाला लावू देणार नाही. शब्द पुरता झाला नाही तोच कावळा उतरला! भलतंच बोललो असेन. तिला नको तेच बोललो असेन— पण पिंडापाशी दिलेला शब्द माघारी कोणाकडून घ्यायचा?

काय म्हणालात? रिकामी? तळाशी भुसा आहे, मेणकिड्याची जाळी आहे, दिसते मला. सावित्रीही तेच म्हणते— 'दादा, दसऱ्यापासना पेटयेत एक माशी नाय'— म्हणूनच तिनं माझ्या पाठीमागं तुम्हांला सावंतवाडीहून बोलावलं. पण मी दिवेलागणीला नामाला बसतो, नाम संपतं, टाळ खाली ठेवतो— आणि गुणगुण चालूच राहते. इथून. ह्याच पेटीतून. रिकाम्या पेटीतून नाम येतं का, तुम्हीच सांगा? येत नाही. म्हणजे ती आहे.

तुम्ही आणलेलं नवं मोहोळ बाहेर उन्हात तापतंय, जाणतो मी. जिवंत जीव आहेत, त्यांचा तळतळाट नको. शेजारी बाबलीच्या परसात न्या त्यांना, तो कापील, सांभाळील. इथं जागा नाही. विश्वास बसत नाही? लावा कान— लावा हो, असा, चौकटीपाशी— मीही लावतो. ऐका...

थांबा जरा. ऐका...

—कालपर्यंत होती. सुरी बघितली तिनं. ठेवा झाकण, हळू, गाठी हलतील. या आता, साहेब. या तुम्ही.