सायलीच्या फॉर्मला मागे जायचं बटण नव्हतं

हसा रे, हसा. तुमच्या जिवावर बेतलं असतं ना, तर तो चहा घशाखाली उतरला नसता.

आमच्या लालबागच्या चाळीत शेजारची सायली कॉम्प्युटरवर फॉर्म बनवते. परळच्या एका दवाखान्यासाठी तिने तब्येतीची चौकशी करणारा फॉर्म केला आणि लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "काका, तुम्ही सातवी नापास. तुम्हाला भरता आला तर कुणालाही येईल."

म्हटलं थांब, तुझ्या फॉर्मचीच फिरकी घेतो. छातीत दुखतं? हो. कळ डाव्या हातात जाते? हो. प्रत्येक 'हो'ला नवीन पान उघडायचं. वर आधी 'पाचपैकी दुसरं पान' होतं, ते बघता बघता 'बारापैकी चौथं' झालं. आणि एकदम सगळं लालभडक! 'हलू नका. एकटे राहू नका.'

मी ओरडलो, "सायले, मागे ने गं! मला 'नाही' म्हणायचंय."

"मागे जायचं बटण ठेवलंच नाही, काका. लोक घाबरून उत्तरं बदलतात."

"अगं, पण मी मस्करी करत होतो!"

"सगळे पेशंट असंच म्हणतात," ती शांतपणे म्हणाली.

आता छातीत खरोखर धडधडायला लागलं. आमची ही मोरीतून ओरडली, "काय झालं ओ?" समोर फक्त 'पुढे' होतं, ते दाबलं.

प्रश्न आला, 'दरदरून घाम फुटलाय का?'

सबंध फॉर्ममध्ये मी खरं उत्तर दिलं ते तेवढंच.