जाहिरातीतली पापणी

—नाही, भार्गवजी, तुमचं हे बोलणं मला मान्य नाही. ‘काका, जाहिरातीतला फोटोच बघून घ्या, पापणी न् पापणी दिसते’ — अहो, या पानावर कॅमेरा आहेच कुठे? कॅमेऱ्यानं टिपलं, कुणी संगणकावर उजळलं, छापखान्यानं शाई ओतली, उरलेलं काम चकचकीत कागदानं केलं. हे माझं पोथीचं भिंग घ्या, धरा त्या बाईच्या गालावर. दिसले ठिपके? आता शेजारच्या स्वस्त कॅमेऱ्याच्या फोटोवर धरा — तेच ठिपके. म्हणजे शाई दाखवून तुम्ही कॅमेरा विकून राहिलात. पंडरीच्या कापडबाजारात कापड घेताना आपण बोटांनी पोत पाहतो, पाटीवरचं चित्र पाहून कापड फाडून घेत नाही. नुसतं हव हव म्हणू नका.

आमचा पुष्करही असाच. बंगळुरूला इंजिनिअर आहे, आणि भुलला कशाला, तर याच पानाला. ‘बाबा, हाच घ्या, चेहरा किती साफ येतो.’ मला कॅमेरा काहून हवा? तर रविवारी तो घरचा बाळकृष्ण तिकडे नेणार. माझे हात कापतात, स्नान घालताना देव निसटतो — ते त्यानं पाहिलं. देव त्याच्याकडे, फोटो माझ्याकडे. झाली वाटणी.

म्हणून विचारतो, झिजलेलं रूप दाखवील तुमचा कॅमेरा? दर एकादशीला चिंचेनं घासलेला देव — आधी माझ्या आईनं, मग पुष्करच्या आईनं, आमच्या कुमुदनं. नाक गेलं, डोळे गेले. सेवा घेता घेता सगुण निर्गुणाकडे निघालाय. लोकांना गोटा दिसतो. मला हसू दिसतं, डावीकडे किंचित जास्त. कुमुद होती तोवर तिलाही दिसायचं. आता — असो. देव पिशवीतच आहे, सोवळ्याच्या वस्त्रात. फोटो इथेच काढा, इथेच छापा, वरून रंगरंगोटी नको. मग बोलू.

छापला? आणा. भिंग द्या इकडे.

हं. कडा स्वच्छ आहेत. चिंचेचा डाग राहिला होता, तोही आलाय.

नाही, दोष काहीच नाही. फोटो अगदी खरा आहे, भार्गवजी.

पितळ आलंय.

नको, दुसरा काढू नका. कॅमेराही नको. ते वस्त्र द्या — आणि तो फोटोचा दिवा बंद करा आधी. त्याच्या डोळ्यांवर येतोय.