बसऱ्यातली चिरमुऱ्याची भट्टी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि माझे गुरुजी विष्णुपंत हुद्दार मास्तर. व्यासपीठावर विराजमान झालेले सुभेदारसाहेब. गावचे पाटील आणि पंचमंडळी. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसलेल्या, म्हणजे तासभर नको नको म्हणून अखेर बसलेल्या, आपल्या गावच्या चिरमुऱ्याच्या भट्टीवाल्या राजाबाई. माझे तालमीतले सवंगडी. बेळगावाहून मुद्दाम आलेले पाहुणे. आणि उजव्या भिंतीकडच्या माझ्या माता-भगिनींनो!

ही एवढी नावं मानाप्रमाणे ओळीनं म्हणता यावीत म्हणून काल मी मास्तरांच्या ओसरीवर बसून चार वेळा घोकलं आहे. चौथीत असताना पाढे घोकले नाहीत, त्याची भरपाई मास्तरांनी काल करून घेतली. कुणाचं नाव राहिलं असेल तर दोष विद्यार्थ्याचा, गुरूचा नाही.

येत्या शनिवारी मी बेळगाव स्टेशनावर मुंबईची गाडी धरणार. तिथून आगबोट, आणि पंधराएक दिवसांत बसरा. या खेपेला एकटा जात नाही. घरातल्या माणसाचं नाव चारचौघांत घ्यायची आपल्यात चाल नाही, पण पासपोर्टाच्या कागदावर ते साहेबानं लिहायला लावलं, तेव्हा लाज तिथंच संपली. मनुबाई माझ्याबरोबर येत आहेत. त्या तिकडं बघून हसत आहेत, म्हणजे नाव घेतलेलं चाललं म्हणायचं.

माझ्या आधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही सांगितलं की येळ्ळूरचा भरमू परक्या मुलखात एकटा गेला, एकट्यानं दुकान मांडलं, ना कुणी भागीदार, ना कुणी पाठीराखा. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लई बरं वाटलं. अन् आज सकाळपर्यंत मीही अगदी हेच भाषण करणार होतो. मास्तरांनी तपासलेला कागद या खिशात आहे. तो आता खिशातच राहू दे.

लढाईत मी खेचरांच्या तुकडीबरोबर इराकात गेलो हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. लढाई संपली, सुटून घरी आलो, एक पेरणी केली. पण ज्यानं बंदरावर शंभर मुलखांची माणसं पाहिली, त्याचं लक्ष दोन एकरांच्या बांधात राहीना. धाकट्या भावाच्या हाती नांगर दिला आणि बसऱ्याच्या बंदरावर मुकादम म्हणून परत गेलो. दीड वर्ष दुसऱ्याची पोती मोजली. मग वाटलं, आपलं काहीतरी असावं. काय असावं?

बंदरावर आपल्या देशातले हजारो लोक होते. आगगाडीवरचे, गोदीतले, कचेरीतले मद्रासी कारकून, गोव्याचे आचारी. संध्याकाळी सगळे खाडीच्या काठाला बसायचे आणि खाण्याच्या गोष्टी काढायचे. लाडू-जिलेबी कुणी काढत नव्हतं. जो तो म्हणायचा, कांदा-मिरची घालून मूठभर चिरमुरे मिळाले असते तर! अख्ख्या बसऱ्यात चिरमुऱ्याचा एक दाणा नव्हता. मी मनात म्हटलं, भरमू, ही तुझी भट्टी.

परवान्यासाठी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, धंदा कुठला? मी सांगितलं, तांदूळ गरम वाळूत टाकून फुगवतो. त्यानं लेखणी खाली ठेवली. भागीदार? कुणी नाही. जामीन? कुणी नाही. कुणाकडून शिकलास? मी म्हटलं, साहेब, येळ्ळूरच्या माणसाला तांदूळ शिकवणारा अजून जन्मायचाय! दुभाष्यानं याचं काय केलं देव जाणे, पण परवाना मिळाला.

आता मंडळी, इथून पुढचं जरा जपून सांगतो, कारण ज्या माणसाची ही गोष्ट आहे ते या सभेतच बसून ऐकतंय.

मी घरी पत्र टाकलं की भट्टी लावतोय. ते पत्र मास्तरांनीच आमच्या सोप्यात वाचून दाखवलं. माझी आई नागुबाई एवढंच म्हणाली, "भात पिकवणाऱ्यानं भात भाजून इकायचा? जत्रेत पालखीला पयला खांदा आमच्या घराचा, अन् त्यो तिकडं वाळू भाजतोय?" त्या दिवसापासून तिनं दोन गोष्टी सोडल्या. चिरमुरे खायचे आणि माझ्याशी बोलायचं. चांगळेश्वरीच्या जत्रेत प्रसादाचे चिरमुरे-बत्तासे हातावर आले की बत्तासा ठेवून घ्यायची अन् चिरमुरे शेजारणीच्या ओटीत टाकायची. दहा वर्षं. यात असत्य असेल तर हात वर करा. बघा, कुणी करत नाही.

मधे एकदा, सहा वर्षांपूर्वी, मी दोन महिने येऊन गेलो. आई समोर बसून वाढायची, पण बोलायची चुलीशी. "त्येला म्हणावं, भाकरी निवाय लागलीया." आता चूल मला काय सांगणार? मी आपला गुमान जेवायचो. राजाबाई, तुम्ही रागावू नका. राग तुमच्या धंद्यावर नव्हता, आमच्या घराच्या ताठ्यातला होता. तो ताठा मी लहानपणापासून पाहिला आहे, आणि थोडा माझ्यातही आलेला आहे, हे पुढं कळेलच.

तर भट्टी. चूल बांधली, कढई आणली, वाळवंटाकडची वाळू पोत्यानं आणली. आणि तांदूळ? मी तुमचाच, वासाचा भात पिकवणाऱ्या गावचा माणूस. आपण तांदूळ कसा घेतो? मुठीत घ्यायचा, नाकाशी न्यायचा. तिथं अंबर म्हणून एक तांदूळ पिकतो. लहान दाणा, पण शिजला की गल्लीभर वास. बसऱ्यातल्या अशार पेठेच्या बाजारातला सगळ्यांत भारी अंबर मी निवडला. दुकानदारानं विचारलं, लग्न आहे का घरात? मी म्हटलं, चिरमुरे करायचेत. त्याला चिरमुरे ठाऊक नव्हते, म्हणून तो हसला नाही. इथं असता तर बेळगावपर्यंत हसत गेला असता.

बघा, आत्ताच राजाबाई हसल्या!

पहिला घाणा टाकला. तांदूळ फुगला नाही, काळा झाला. दुसरा टाकला, तो तडतडून अंगावर आला. वाळू इतकी बारीक की दाण्याला पिठासारखी चिकटली. तिसऱ्या दिवशी गल्लीतले लोक नाकाला रुमाल लावून जायला लागले. मुकादमी सोडलेली, परवाना भिंतीला टांगलेला, खाडीवर सगळ्यांना सांगून बसलेलो की येत्या जुम्म्याला या. आले की हो लोक! मी फळी लावून आत बसलो. कोंकणी नाही, मलबारी नाही, दुसऱ्या कुणीही चिरमुऱ्याला वासाचा कच्चा तांदूळ घातला नसता. ती अक्कल फक्त येळ्ळूरची. इतका चांगला तांदूळ, तर चिरमुरे किती चांगले होतील, हा आमचा हिशेब.

हरलो म्हणून परत यायचं तोंड नव्हतं. आई काय म्हणेल याची भीती नव्हती, कारण ती काहीच म्हणणार नव्हती. त्याचंच तर दुःख होतं.

मग मी मनुबाईंना पत्र लिहिलं. लपवत नाही, रडकं पत्र होतं. राजाबाईंच्या भट्टीवर जाऊन नीट बघून कळव, असं लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. अक्षर मास्तरांचं, मजकूर घरचा. ते पत्र मला अजून पाठ आहे. म्हणून दाखवतो. "तांदूळ जाडा घ्यावा, वासाच्या नादी लागू नये. उकडा घ्यावा, कच्चा घेऊ नये. मिठाच्या पाण्याचा हात द्यावा, गरम करावा, पोत्याखाली झाकून ठेवावा. मूठ आवळून सोडली की दाणा सुटा पडावा. वाळू पिठासारखी असेल तर चाळून जाडी तेवढी ठेवावी. वाळूवर पाण्याचा थेंब टाकावा, तो नाचला की मगच तांदूळ टाकावा. घाई करू नये. घाई करायची तुझी खोड आहे."

शेवटचं वाक्य वाचून मला जरा नवल वाटलं होतं. मनुबाई मला "तुझी" म्हणत नाहीत. पण मी म्हटलं, मास्तरांच्या हातून चूक झाली असेल. पत्र आलं याच्या आनंदात मी ते सोडून दिलं.

मलबारी खलाशांसाठी जाडा उकडा तांदूळ यायचा. तो घेतला, वाळू चाळली, थेंब टाकला. थेंब नाचला. तांदूळ टाकला आणि मंडळी, डोळ्याचं पातं लवायच्या आत कढई पांढरीशुभ्र झाली. मी एकटाच त्या खोलीत ओरडलो. पुढचं सगळं तुम्हाला वक्त्यांनी सांगितलं आहे. आज खाडीच्या तोंडाशी माझं दुकान आहे, अरब बायका चिरमुरे नेतात अन् खजुराबरोबर खातात, तिथले लोक मला नुसतं "हिंदी" म्हणतात आणि रांगेत उभे राहतात. गेल्या महिन्यात त्यांचं राज्य इंग्रजाकडून त्यांच्या हाती आलं, परदेशी माणसाला नवे कागद करावे लागतील असं ऐकतो. करू. दुकान हलत नाही. हे मी घमेंडीनं नाही, खात्रीनं सांगतो.

आता आजची सकाळ. मष्णूनं तालमीच्या वतीनं ठरवलं की सभेला नुसता चहा नको, भरमूच्या हातचे चिरमुरे पाहिजेत. शाळेच्या मागं मी भट्टी लावली. तालमीतले सगळे भोवती उभे. बसऱ्याच्या व्यापाऱ्याचा पहिला घाणा, सांगायला लाज वाटते, अर्धा फुगला अन् अर्धा तसाच! ओल्या लाकडाला मी दोष देत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्याला धरून बाजूला सारलं.

"वाळू निवलीया. सर तिकडं."

मी वळून बघितलं. आई. दहा वर्षांत माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. तिनं पदर खोचला, लाकडं सारखी केली, वाळूवर थेंब टाकला, वाट बघितली आणि घाणा काढला. एक दाणा कच्चा नाही. मी तोंड उघडं टाकून उभा. अहो, आमच्या घरात भट्टी कधी नव्हती, हिला हे आलं कुठून?

मी मनुबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "मला काय इचारतासा? तवा पत्र आल्यावर मी कुठली जातीया भट्टीवर? आत्याबाई गेलत्या."

मग राजाबाईंनी सांगितलं. आमची आई, जी जत्रेत चिरमुऱ्याला हात लावत नव्हती, ती तीन दुपारी मागच्या दारानं यांच्या भट्टीवर येऊन बसली. पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी स्वतः घाणा टाकला. राजाबाईंनी विचारलं, "नागुबाई, तुम्ही खाईत न्हाईसा, मग शिकतासा कशाला?" तर म्हणाली, "बसल्या बसल्या." आणि तिथून उठून मास्तरांच्या ओसरीवर गेली आणि पत्र सांगितलं.

अध्यक्षमहाराज! दहा वर्षं! तुमच्या हातचं पत्र, तुम्हाला सगळं ठाऊक, आणि कालसुद्धा मी ओसरीवर बसून "मी एकटा, मी एकटा" असं भाषण घोकत होतो, तेव्हा तुम्ही पान खात ऐकत होता! मास्तर मान हलवत आहेत. आईनं शपथ घातली होती म्हणतात. धन्य तो गुरू आणि धन्य ती शपथ.

मी दुपारभर विचार करतोय. तिचा राग खोटा नव्हता. तो आजही असेल. पण राग एका जागी ठेवून, पोरगं परमुलखात तोंडघशी पडू नये म्हणून तिनं स्वतःचा सगळा ताठा मागच्या दारात उतरवून ठेवला, हेही तितकंच खरं. मला हे करता आलं नसतं. तेव्हा त्या कारकुनाला मी दिलेलं उत्तर आज, सर्वांसमक्ष, परत घेतो. शिकवणारी होती. दोघी होत्या. एक खुर्चीवर बसली आहे अन् एक भिंतीपाशी.

आता आवरतं घेतो. सुभेदारसाहेबांनी घड्याळ दुसऱ्यांदा काढलं आहे. या समारंभासाठी झटलेल्या तालमीच्या मंडळींचे, शाळेची जागा देणाऱ्या पंचांचे, राजाबाईंचे आणि तुम्हां सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला असेल, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली गेली असेल, तर पोटात घाला. भट्टीवरच्या माणसाची जीभही जरा तापलेली असते.

एकच राहिलं. सभा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला चिरमुऱ्याचा द्रोण दिला, तसा मी आईच्याही मांडीवर ठेवला होता.  इतका वेळ मी मुद्दाम तिकडं बघितलं नाही, बोलणं अडखळेल म्हणून. आता बघतो.

मनुबाई पदरानं डोळे पुसत आहेत. आई समोर बघतीये, जणू सभेशी तिचा काही संबंध नाही. आणि द्रोण...

मष्णू, हिकडं ये रं. आईचा द्रोण रिकामा झालाय. तिला आणि एक पसा वाढ.